दक्षिणा-निधि आणि त्याचे नाकारलेले कागद

पेशव्यांच्या दक्षिणेविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील बहुतेक लेखनाची दृष्टि रकमेवर खिळलेली दिसते. अमुक सालीं इतके लाख वांटले, इतके सहस्र ब्राह्मण जमले, अशा आंकड्यांनीं एका पक्षाचा ऊर अभिमानानें भरून येतो आणि दुसऱ्या पक्षास उधळपट्टीचा पुरावा सांपडतो. प्रस्तुत लेखकास त्या वादांत शिरावयाचें नाहीं. दक्षिणेचें द्रव्य पेशवाईबरोबर संपलें नाहीं. इंग्रजी अमलांत पाठशाळा, ग्रंथांस पारितोषिकें, मुलींच्या शाळांस मदत, महाविद्यालयांतील फेलोशिप अशीं निरनिराळीं रूपें घेत तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तरी वाहत राहिलें. नांव एकच राहिलें. पण देणारा पालटला, घेणारा पालटला आणि मुख्य म्हणजे पात्रता ठरविणारा पालटला. ह्या प्रत्येक पालटाच्या वेळीं कोणास तरी नकार मिळाला. त्या नकाराचे कागद कोठें गेले, हा ह्या लेखाचा खरा विषय आहे. आणि हस्तलिखितें जमविणाऱ्या वाचकांपुढेंच तो कां मांडला, हें शेवटीं सांगेन.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसाची ही खोड वाचकांनीं क्षम्य मानावी.

धर्मशास्त्रांत दान आणि दक्षिणा हे शब्द एकार्थी नाहींत. दानांत दात्याचें वस्तूवरील स्वत्व संपतें आणि घेणाऱ्याचें उत्पन्न होतें. मोबदल्याचा तेथें संबंध नाहीं. दक्षिणा कर्माशीं बांधलेली असते. ऋत्विजानें कर्म केलें, त्याचा तो अंश. आणि तो दिल्यावांचून यज्ञ सांग होत नाहीं. तसेंच यज्ञयागादि कर्म तें इष्ट, आणि विहिरी, तळीं, देवालयें, अन्नसत्रें हें पूर्त, असा दुसरा विभाग आहे. पेशव्यांची श्रावणमासांतील दक्षिणा ह्यांपैकीं कोणत्याच खणांत नीट बसत नाहीं. गरीब ब्राह्मणास अन्नवस्त्रापुरतें कांहीं मिळावें हा तिच्यांतील पूर्ताचा भाग; पढिक शास्त्र्यानें आपली विद्या दाखवून तिचा मोबदला न्यावा हा तिच्यांतील दक्षिणेचा भाग. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर दुर्बलांस साहाय्य आणि विद्येस अनुदान हीं दोन्ही एकाच थैलींतून जात होतीं, आणि कोणता रुपया कोणत्या खात्याचा हें सांगणें सोपें नव्हतें. दान देतांना देश, काल आणि पात्र हीं तीन पाहावींत असा दंडक आहे. पैकीं देश आणि काल पंचांग पाहून ठरवितां येतात. पात्र कोणीं ठरवावें, ह्यावरच पुढील दीड शतकाचा झगडा आहे.

ही वहिवाट मूळची तळेगांवची. सेनापति खंडेराव दाभाडे ह्यांनीं तेथें श्रावणांत दक्षिणा वांटण्याची चाल पाडली. इ. स. १७३१ मध्यें डभईच्या रणांत त्र्यंबकराव दाभाडे पहिल्या बाजीरावाच्या फौजेशीं लढतांना पडले, आणि पुढें ही चाल पुण्यास पेशव्यांकडे आली. ज्यास रणांत पाडलें त्याच्या घरचा धर्मादाय पाडणाऱ्यानें चालविला. म्हणजे ह्या निधीच्या पहिल्याच स्थलांतरांत पुण्यसंपादन आणि दुखावलेल्या मनांचें समाधान हे दोन हेतु एकत्र गुंफलेले आहेत. पुढें एल्फिन्स्टनच्या हातूनही तेंच घडलें. तें यथाक्रम येईल.

पुण्यांत पर्वतीच्या पायथ्याशीं रमणा म्हणून आवार होतें. तेथें ब्राह्मणसमुदाय आंत घेऊन दारें बंद करीत आणि एकेकास बाहेर सोडतांना त्याच्या हातावर दक्षिणा ठेवीत. एकानें दोनदां नेऊं नये म्हणून ही योजना. विद्वानांची गोष्ट निराळी. त्यांची परीक्षा होई, आणि ज्याची शास्त्रांत जशी गति तशी त्याची रक्कम ठरे. काशी, मिथिला, तेलंगण, द्रविड, कर्नाटक इतक्या दुरून शास्त्री येत, ते ह्या परीक्षेसाठीं आणि तिच्यामुळें मिळणाऱ्या मानासाठीं; केवळ रुपयांसाठीं इतकी वाट कोणी तुडवीत नाहीं. परीक्षकाची जागा ह्यामुळें किती नाजूक होती, हें रामशास्त्री प्रभुणे ह्यांच्या एका आख्यायिकेवरून कळतें. त्यांचा बंधु दक्षिणेस आला. नाना फडणिसांच्या मनांत होतें कीं शास्त्रीबोवांचा भाऊ म्हणून वीस रुपये द्यावे. रामशास्त्री म्हणाले, ह्याची विद्या सामान्य आहे, इतरांस दोन मिळतात तसे ह्यासही दोन द्यावे; भाऊ म्हणून जें द्यावयाचें तें मी माझ्या घरून देईन. गोष्ट अक्षरशः अशीच घडली असें माझें म्हणणें नाहीं. परंतु लोकांनीं ती जपून ठेविली, ह्याचा अर्थ परीक्षकाच्या भावास अधिक मिळतें असा अनुभव लोकांस होता. नेहमीं जें घडतें त्याची आख्यायिका होत नाहीं.

येथें संग्राहकांच्या उपयोगाची एक गोष्ट नमूद करितों. इनाम, अग्रहार, देवस्थानाची जमीन ह्यांच्या सनदा घराण्यांनीं जिवापाड संभाळल्या. कारण उघड आहे. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हां सनद दाखवितां न आल्यास जमीन हातची जाण्याचा प्रसंग होता. भीतीनें कागद राखले गेले. दक्षिणा रोख. तिच्यावर कोणाचा वंशपरंपरा हक्क नाहीं. म्हणून ती घेऊन घरीं गेलेल्या शास्त्र्यास कागद जपण्याचें प्रयोजनही नाहीं. परिणाम असा कीं पेशवे दफ्तरांत देणाऱ्याची बाजू राहिली आहे, पण घेणाऱ्याची आणि विन्मुख परतलेल्याची बाजू बहुतेक नष्ट झाली. आपल्या संग्रहांत जमिनीच्या सनदांचे ढीग पाहून जुन्या काळीं विद्या केवळ जमिनीच्या उत्पन्नावर जगली असा ग्रह होतो. तो कागद टिकण्याच्या प्रकारामुळें झालेला भ्रम असावा, असें मला वाटतें.

१८१८ मध्यें राज्य पालटलें. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं दक्षिणेचा खर्च पांच लाखांच्या घरांत होता. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत ह्या विषयाचा परामर्श घेतला आहे. सरसकट वांटप बंद झालें. विद्वानांचा वांटा म्हणून वर्षास पन्नास हजारांची रक्कम राखण्याचें ठरलें. दहांतला एक हिस्सा राहिला आणि नऊ हिस्से सरकारच्या खजिन्यांत गेले. रमण्यांत उभा राहणारा गरीब ब्राह्मण प्रथम गळाला, त्याचा अर्ज कोठें नाहीं आणि त्याच्या नकाराचा कागदही नाहीं. विद्वान् राहिला, कारण तो बोलूं शकत होता आणि नव्या सरकारास त्याच्या बोलण्याची भीति होती. पुण्याच्या ब्राह्मणवर्गाचा रोष ओढवूं नये हा राजकीय हेतु एल्फिन्स्टननें लपवून ठेविलेला नाहीं. त्याबरोबरच त्याचा दुसराही एक विचार होता. वेदविद्येकडे जाणारीं बक्षिसें हळूहळू कायदा, गणित अशा त्याच्या मतें उपयुक्त शास्त्रांकडे वळवावीं. पण एकदम नव्हे. दात्याचें नांव राखून दानाची दिशा पालटण्याची ही युक्ति ह्यानंतर पुन्हां पुन्हां वापरली गेली.

ता. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं कमिशनर चाप्लिन ह्यांच्या अमदानींत पुण्यास संस्कृत पाठशाळा उघडली. जागा विश्रामबाग वाडा, म्हणजे दुसऱ्या बाजीरावानेंच बांधविलेला. खर्च दक्षिणेच्या रकमेंतून. राघवाचार्य हे तिचे मुख्य झाले. व्याकरण, न्याय, अलंकार, धर्मशास्त्र, वेदान्त, ज्योतिष, वैद्यक आणि वेद अशा विषयांचे मिळून दहा वर्ग आणि शंभर विद्यार्थी, अशी मूळ योजना. विद्यार्थ्यांस वेतन होतें. जी दक्षिणा वर्षांतून एकदां, झालेल्या विद्येस मिळत असे, ती आतां महिन्याच्या महिन्यास, होऊं घातलेल्या विद्येस मिळूं लागली. हा फरक लहान नाहीं. परीक्षा घेऊन रक्कम देणाऱ्यास इतकेंच पाहावें लागतें कीं विद्या आहे कीं नाहीं. ती कोठून आणली हें विचारण्याचें त्यास कारण नसतें. शाळा चालविणाऱ्यास काय शिकवावें हें ठरवावें लागतें. आणि जो तें ठरवितो तो निधीचा धनी होतो, मग नांव कोणाचेंही असो. पाठशाळेंत पुढें झालेले वाद, १८३७ मध्यें मेजर कँडी ह्यांची तीवर झालेली नेमणूक, आणि १८५१ मध्यें इंग्रजी शाळेशीं जोडून तिचें पूना कॉलेज होणें, हे सर्व ह्या एका गोष्टीचे परिणाम आहेत. त्यांचा तपशील अन्यत्र उपलब्ध असल्यामुळें येथें देत नाहीं.

पाठशाळेबाहेर जी वार्षिक दक्षिणा राहिली होती तिच्याविषयीं १८३६ मध्यें निर्णय झाला कीं नवीन उमेदवार घेऊं नयेत. जे घेत आहेत त्यांस हयातीपर्यंत द्यावी. म्हणजे प्रत्येक वृद्ध शास्त्र्याच्या मृत्यूबरोबर निधींत कांहीं रक्कम मोकळी होऊं लागली. त्या मोकळ्या रकमेचें काय करावें ह्यावर पुण्यांत जें रण माजलें, तें ह्या इतिहासाचें हृदय आहे.

१८४८ पासून मुंबईच्या प्रभाकर पत्रांत लोकहितवादींचीं पत्रें येत होतीं. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरि देशमुख. त्यांचें घराणें बापू गोखल्यांच्या फडणिशींतलें, म्हणजे पेशवाईच्या अन्नावर वाढलेलें. आणि दक्षिणेवर सर्वांत कठोर शब्द त्यांचेच. १८४९ मध्यें त्यांनीं आणि पुण्यांतील कांहीं तरुण मंडळींनीं सरकारांत अर्ज केला कीं दक्षिणेच्या द्रव्याचा कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा, आणि तो देतांना जात पाहूं नये. लॉर्ड फॉकलंड तेव्हां गव्हर्नर होते. शहरांत मोठी खळबळ उडाली. अर्ज करणारांस धर्मबुडवे म्हणण्यांत आलें, आणि शास्त्रीमंडळींचा विरोध उभा राहिला.

आजचा वाचक ह्या शास्त्र्यांस सहज हंसेल. पण त्यांचा मुद्दा अगदीं टाकाऊ नव्हता. दात्यानें ज्या हेतूनें द्रव्य दिलें त्याच हेतूस तें लागलें पाहिजे, हा नियम हिंदु धर्मशास्त्रांतही आहे आणि इंग्रजी न्यायांतही आहे. आज कोणी एखाद्या अनाथाश्रमासाठीं दिलेला पैसा नाट्यगृहास वळविला तर आपण काय म्हणूं? मराठी ग्रंथ ही चांगली गोष्ट असेल, पण पेशव्यांनीं ती सांगितली होती काय, असा त्यांचा प्रश्न. माझ्या मतें ह्या प्रश्नाचें उत्तर दोन प्रकारें देतां येतें. एक, मूळ हेतु ह्या निधीच्या बाबतींत कधींच स्थिर नव्हता. दाभाड्यांचा हेतु पेशव्यांनीं आपलासा केला, पेशव्यांचा एल्फिन्स्टननें. शास्त्रीमंडळींनीं पाठशाळेंतील मासिक वेतन घेतलें तेव्हांच एक पालट त्यांनीं मान्य केला होता. दुसरें उत्तर अधिक खोल आहे. हें द्रव्य पेशव्यांच्या खासगी कमाईचें नव्हे. तें सरकारी वसुलाचें, म्हणजे शेवटीं कुणब्याच्या शेताचें. ज्याच्या शेतांतून पैसा आला त्याची भाषा मराठी. हाच विचार पुढें जोतीराव फुले ह्यांनीं १८८२ मध्यें हंटर कमिशनापुढील निवेदनांत सर्व सरकारी शिक्षणखर्चाविषयीं मांडला. रयतेच्या करावर वरच्या वर्गांचीं मुलें शिकतात आणि रयतेचीं मुलें कोरडीं राहतात, हें त्या निवेदनाचें सूत्र आहे. त्याचें बीज १८४९ च्या वादांत आहे, असें मी समजतों. त्या वादांत जोतीराव स्वतः अर्जदारांच्या बाजूस होते, हें त्यांच्या चरित्रांवरून सर्वांस ठाऊक आहेच.

सरकारनें अर्ज मान्य केला आणि दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वांत आली. पुढें तिचे चिटणीस झालेले कृष्णशास्त्री चिपळूणकर ह्याच विश्रामबागेच्या पाठशाळेंत शिकलेले. जुन्या दक्षिणेवर शिकलेला शास्त्री नव्या दक्षिणेचा निवाडा करूं लागला, आणि त्यानें मराठी गद्यास वळण लाविलें, ही ह्या निधीची मोठीच कमाई होय. आणखी एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जोतीरावांनीं आणि सावित्रीबाईंनीं पुण्यांत १८४८ पासून ज्या मुलींच्या शाळा चालविल्या, त्यांस दक्षिणा-निधींतून दरमहा ७५ रुपये मिळूं लागले. रमण्याच्या दारांतून जिला पाऊल घालतां आलें नसतें त्या माळ्याच्या, महाराच्या मुलीपर्यंत तें द्रव्य पोंचलें. ता. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं विश्रामबाग वाड्यांतच मेजर कँडी ह्यांच्या हस्तें जोतीरावांस महावस्त्रें देऊन त्यांचा सरकारतर्फे गौरव झाला. तीच जागा, तोच निधि. मध्यें पुरतीं पस्तीस वर्षेंही गेलीं नव्हतीं.

एवढ्यावर थांबलों असतों तर लेख सुखाचा झाला असता. पण १८५५ मध्यें त्याच जोतीरावांनीं तृतीय रत्न नांवाचें नाटक लिहून ह्याच कमिटीकडे पाठविलें, आणि तें नाकारण्यांत आलें. एका कुणबी स्त्रीपुरुषास, बाई गरोदर असतां, जोशी ग्रहांची भीति घालून नागवितो. त्यांचे डोळे हळूहळू उघडतात. आणि शेवटीं तीं दोघें जोतीरावांच्या व सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेंत शिकावयास जाण्याचें ठरवितात, असें त्याचें कथानक आहे. कमिटींतील ब्राह्मण सभासदांच्या विरोधामुळें नाटक परत आलें, असें जोतीरावांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं ज्या निधीनें त्यांच्या शाळेस पैसे दिले, त्याच निधीनें त्यांच्या लेखणीस दिले नाहींत. शाळेस देणें म्हणजे मुलीस अक्षर शिकविणें. त्या अक्षरानें पुढें काय लिहावें, हा प्रश्न आला तेव्हां परीक्षकाचा हात आंखडला. रामशास्त्र्यांच्या गोष्टींत परीक्षकाची कसोटी भावाच्या बाबतींत लागली. येथें ती प्रतिपक्षाच्या बाबतींत लागली, आणि ही दुसरी कसोटी अधिक कठीण आहे. भावास कमी देऊन कीर्ति होते. आपल्याच जातीचे दोष दाखविणाऱ्यास पारितोषिक देऊन ती होत नाहीं.

नुकसान किती झालें, तें कालगणनेनें पाहावें. विनायक जनार्दन कीर्तने ह्यांचें थोरले माधवराव पेशवे हें नाटक १८६१ चें. स्वतंत्र मराठी नाटकांत छापील म्हणून पहिला मान त्यास देतात. तृतीय रत्न त्याच्या सहा वर्षें आधीं लिहून पुरें झालें होतें. तें छापून प्रसिद्ध झालें १९७९ मध्यें. म्हणजे लेखनानंतर एकशें चोवीस वर्षांनीं आणि लेखकाच्या मृत्यूनंतर एकुणनव्वद वर्षांनीं. इतका काळ एक नाकारलेलें बाड कोणीं तरी फेंकून दिलें नाहीं, एवढ्याच आधारावर मराठी नाटकाच्या इतिहासाचें पहिलें प्रकरण आज पुन्हां लिहावें लागतें. कमिटीनें मान्य केलेले किती तरी ग्रंथ छापले गेले आणि आज त्यांस कोणी विचारीत नाहीं.

निधीच्या बाजूनेंही दोन साक्षी नोंदविल्या पाहिजेत. नाहीं तर न्याय होणार नाहीं.

पहिली रामकृष्णपंत भांडारकरांची. एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेच्या रकमेंतून महाविद्यालयांत फेलो नेमण्याची पद्धत सुरू झाली. भांडारकर आणि न्या. महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो. भांडारकरांचें शिक्षण इंग्रजी पद्धतीचें. विद्याखात्याचे डायरेक्टर हॉवर्ड ह्यांनीं त्यांस संस्कृताकडे वळविलें. पुढें भांडारकर सरकारी हस्तलिखितशोधाच्या कामावर आले, त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गांवोगांव पोथ्या मिळविल्या, आणि तो संग्रह डेक्कन कॉलेजांतून १९१८ मध्यें त्यांच्या नांवाच्या संशोधन मंदिराकडे आला. आपण ज्या सूचींवरून आज पोथी शोधतों त्यांच्या मुळाशीं असा हा एका फेलोशिपचा पैसा आहे. दक्षिणा घेऊन शास्त्री घरीं जात तेव्हां कागद राहत नसे, असें मीं वर म्हटलें. येथें मात्र दक्षिणेनें कागदांची कोठारेंच उभीं केलीं.

दुसरी साक्ष शंकर बाळकृष्ण दीक्षितांची. त्यांच्याविषयीं लिहितांना माझी लेखणी थोडी रेंगाळेल. तेही शाळामास्तर होते. मुरुडचे हे गृहस्थ मॅट्रिकपर्यंत शिकले आणि आयुष्यभर शिक्षकी केली. १८८४ मध्यें दक्षिणा प्राइज कमिटीनें आपल्या पंचांगांच्या इतिहासावरील ग्रंथास ४५० रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें. दीक्षितांनीं काम हातीं घेतलें, आणि विषय पंचांगापुरता राहीना. वेदांगज्योतिषापासून आपल्या काळच्या पंचांगवाद्यांपर्यंत, हातीं येईल तो सिद्धान्त, करणग्रंथ आणि टीका त्यांनीं पाहिली; पुष्कळशा पोथ्या हस्तलिखितांतच होत्या. शाळेचे तास संभाळून हें चाललें होतें. पारितोषिक त्यांस मिळालें. बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या पारितोषिकाचाही हातभार लागला. आणि भारतीय ज्योतिषशास्त्र हा ग्रंथ १८९६ मध्यें आर्यभूषण छापखान्यांतून बाहेर पडला. दोन वर्षांनीं दीक्षित वारले. त्याच १८९६ सालीं रॉबर्ट स्यूएल ह्यांच्याबरोबरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथही निघाला, ज्याच्या कोष्टकांवरून आपण सर्व मित्या जुळवीत आलों. मराठी ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर भारत सरकारनें १९६९ आणि १९८१ मध्यें दोन भागांत काढलें. ४५० रुपयांत इतकें काम आजवर कोणत्याही सरकारास मिळालें नसेल.

पण येथेंही एक गोष्ट ध्यानांत यावी. जाहिरातींत मागितला होता एक निबंध. परीक्षकांपुढें आला एक महाग्रंथ. मागितल्यापेक्षां भलतेंच आणलें म्हणून तो बाजूस ठेवणें कमिटीस शक्य होतें. तिनें तसें केलें नाहीं. तृतीय रत्न परत करणारी कमिटी आणि हा ग्रंथ मान्य करणारी कमिटी हीं एकाच नांवाचीं. मध्यें तीसपेक्षां अधिक वर्षें आणि परीक्षकांची एक पिढी गेलेली. नियम तेच होते कीं काय, ह्यापेक्षां त्या वेळीं टेबलाभोंवतीं कोण बसलें होतें ह्यावर अधिक अवलंबून होतें, असें मला दिसतें.

आतां ह्या लेखाचें कारण. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका संस्थेच्या पारितोषिक-निबंधांचा मी परीक्षक होतों. आलेले निबंध चौदा. त्यांतील तीन निवडले. उरलेल्या अकरांचें काय करावें असें कारकुनानें विचारलें तेव्हां, परत पाठविण्याचा टपालखर्च वांचावा म्हणून, मीं ते रद्दींत द्यावयास सांगितलें. त्यांपैकीं एक एका खेड्यांतील शिक्षकानें आपल्या गांवच्या जोशी-कुळकर्ण्यांच्या घरांतील पोथ्यांविषयीं लिहिला होता. भाषा अशुद्ध, मांडणी विस्कळीत, म्हणून मीं तो बाद केला. पुढें त्या गांवाचें नांव एका दुसऱ्या कामांत निघालें आणि मीं चौकशी केली, तेव्हां तीं घरें पडलेलीं होतीं, पोथ्या कोठें गेल्या कोणास ठाऊक नव्हतें, आणि लिहिणारा शिक्षक वारला होता. त्यानें केलेली यादी जगांत एकाच जागीं होती, आणि ती मीं रद्दींत घातली.

म्हणून संग्राहकांस विनंति आहे. जुन्या घरांतून बाडें येतात तेव्हां आपण सनद, महजर, बखर, पोथी पाहतों, आणि एकोणिसाव्या शतकांतील निळसर कागदावरचीं मोडींत किंवा बाळबोधींत लिहिलेलीं अपुरीं पुस्तकें, भाषांतरें, निबंध हे अर्वाचीन म्हणून बाजूस टाकतों. ज्यांत आरंभीं कमिटीस उद्देशून विनंति असेल, अथवा शेवटीं परत केल्याचा शेरा असेल, तें बाड आवर्जून राखावें. त्याजबरोबर पत्र, लखोटा, पावती असल्यास तीं वेगळीं करूं नयेत. कोणत्या सालीं, कोणाच्या हातून आणि कोणत्या कारणानें तें परत आलें, हें बहुधा त्यांतच कळतें. लेखकाचें नांव अपरिचित असलें, हस्ताक्षर वाईट असलें, विषय क्षुद्र वाटला, तरी निदान पहिलें आणि शेवटचें पान उतरून घ्यावें व एकंदर पृष्ठांची नोंद करावी. असें एकादें बाड कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यानें मंडळाच्या चिटणिसांस कळवावें. मूळ कागद मागितले जाणार नाहींत, नक्कल करून घेण्याची व्यवस्था होईल.